पेव फुटतं तेव्हा

'पेव फुटणं' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. क्लासेसचं पेव फुटतं, पतसंस्थांचं फुटतं, २०२१ साली आभासी चलनांचंही फुटलं. पण पेव म्हणजे नेमकं काय, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फार उरलेली नाहीत. सांगलीच्या आसपास वाढलेल्या आम्हा मंडळींनी खरी पेवं पाहिली आहेत, त्यांत भरलेली हळद पाहिली आहे, आणि ती हळद पुराच्या पाण्यात कुजल्याचा वासही घेतला आहे.

या लेखाचं निमित्त मात्र हळद नव्हे. निमित्त आहे साताऱ्याचा माझा भाचा. वय तिशीचं, कराडला इंजिनिअरिंग केलं, आता घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो. त्याच्या लॅपटॉपवर एक तक्ता आहे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात त्या दिवशीचा बिटकॉइनचा भाव, तिसऱ्यात 'तेव्हा दहा हजार टाकले असते तर आज किती झाले असते' तो आकडा. इथेरियमचं पान वेगळं, खेळता खेळता पैसे देणाऱ्या गेम्सचं वेगळं. "मामा, हे बघा की, नुसतं २०१६चं बघा," म्हणत तो बोट ठेवतो. वास्तविक त्याचा एक पैसाही बुडालेला नाही. तरी ते आकडे वाचताना त्याचा चेहरा घरात चोरी झालेल्या माणसासारखा होतो. त्याने वैयक्तिक कर्जाची चौकशी सुरू केली आहे, असं बहिणीकडून कळलं. "या वेळी चुकायचं नाही," एवढंच तो म्हणतो.

या भावनेला पश्चात्ताप म्हणता येणार नाही. पश्चात्तापासाठी हातून काहीतरी घडावं लागतं. इथे तर काहीच घडलेलं नाही आणि तेच दुखणं आहे. मराठीत याला नेमके शब्द आहेत: चुटपुट, रुखरुख, हळहळ. त्यातला हळहळ हा शब्द मी हळदीच्या बाजारात जितका ऐकला तितका कुठेच ऐकला नाही. म्हणून भाच्याला उत्तर द्यायचं तर मला हरिपूरपासूनच सुरुवात करावी लागते.

हरिपूर सांगलीला लागूनच आहे. कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि 'संगीत शारदा'कार गोविंद बल्लाळ देवलांचं जन्मगाव म्हणून लोकांना ते माहीत असतं. (पैशाच्या आशेने पोटची पोर म्हाताऱ्याला द्यायला निघालेला कांचनभट रंगवणारा नाटककार हळदीच्या गावात जन्मला, हा योगायोगच, पण मला तो आवडतो.) व्यापाऱ्यांना हे गाव माहीत होतं ते तिथल्या मातीमुळे. घट्ट, चिकट, खोल खणलं तरी न ढासळणारी माती. तिच्यात वीस-पंचवीस फूट खोल खड्डे घेत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद, आत पोट मोठं, सुरईसारखं. तळाला आणि भिंतींना पाचटाचं आणि चटयांचं अस्तर. आत हळद ओतायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. आतली हवा कोंडली की कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते. अशी शेकडो पेवं हरिपूरच्या परिसरात होती.

पेव उघडण्याचीही एक रीत होती. तोंड मोकळं केलं की लगेच कुणी उतरायचं नाही. बराच वेळ जाऊ द्यायचा. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. तो विझला तर अजून थांबायचं. कंदील तेवत राहिला तरच माणूस खाली जाणार.

माझे चुलते गणपती पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते. थोरल्या चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिरजेतून वाटणी घेऊन सांगलीला राजधानी केली, व्यापाऱ्यांना वसवलं, त्या पेठेतली ही दुकानं. चुलते सांगत, हळद पेवात जागची हलत नसे आणि वहीत मात्र मालक बदलत असे. पेवाचं तोंड उघडायच्या आत आतल्या मालाची दोन-तीनदा विक्री झालेली असायची. भाच्याला हे सांगितलं तर तो उडालाच. "म्हणजे टोकनच की, मामा!" हो, टोकनच. फरक इतकाच, की त्या नोंदीमागे जमिनीखाली काहीतरी पिवळं खरोखरच होतं.

पुढे याच व्यवहाराला रीतसर घर मिळालं. १९५२च्या वायदा करार कायद्याच्या चौकटीत सांगलीत हळदीचे वायदे करणारी 'स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज' ही संस्था चालत असे. वायदा हा शब्द आपल्याकडे जुगाराशी जोडला जातो, ते अर्धवट खरं आहे. हळद हे नऊ महिन्यांचं पीक. अक्षय तृतीयेच्या आगेमागे लावायची आणि पुढच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीनंतर काढायची, शिजवायची, वाळवायची, घासून चकचकीत करायची. एवढ्या काळात भाव कुठे जाईल हे कुणालाच माहीत नसतं, आणि आज भाव ठरवून ती काळजी दुसऱ्याच्या गळ्यात घालणं हे वायद्याचं खरं काम. ती काळजी विकत घेणारा माणूस सट्टेबाज. तो नसेल तर व्यवहार होत नाही, फार झाले तर बाजार बिघडतो. २००४ साली हळद एनसीडीईएक्सच्या पडद्यावर गेली. मुख्य केंद्र तेलंगणातलं निजामाबाद, व्यवहार कुठूनही. राजापुरी आणि निजामाबादी हळकुंडात काय फरक हे ठाऊक नसलेली माणसं मुंबई-अहमदाबादेत बसून हळद घेऊ-विकू लागली. चुलत्यांचा यावर मोठा राग होता. हळद तोडून, वास घेऊन, नखाने खरवडून बघायची वस्तू आहे, असं त्यांचं मत.

आणि मग २०१० साल आलं.

त्याआधी काही वर्षं हळदीचा भाव बराच खाली होता. लोक कंटाळून उसाकडे वळले होते. २००९चा पावसाळा देशभर वाईट गेला. शिल्लक माल आटला, पडद्यावरच्या वायद्याने वारा घातला आणि २०१०मध्ये भाव पंधरा हजारांच्या पुढे गेला. सांगलीच्या मार्केट यार्डात त्या दिवसांत लग्नघरासारखं वातावरण होतं. ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यांनी यार्डाबाहेर मांडव टाकले होते, हे मला चांगलं आठवतं.

वाईकडचे माझे एक मावसभाऊ तेव्हा हळद करत. त्यांनी आपला माल हंगामाच्या सुरुवातीलाच विकला. दर त्यांना आयुष्यात कधी मिळाला नव्हता असा मिळाला. घराचं वरचं बांधकाम झालं, सोसायटीचं कर्ज फिटलं. पण शेजाऱ्याने चार महिने माल ठेवला आणि त्याला आणखी कितीतरी जास्त मिळाले. तेव्हापासून दादांच्या बोलण्यात आपल्याला मिळालेल्या पैशाचा उल्लेख कधी आला नाही, न मिळालेल्यांचाच आला. "ठेवली असती तर!" पुढच्या वर्षी त्यांनी दुप्पट क्षेत्रावर हळद केली. बेणंही त्या वर्षी सोन्याच्या भावाने घ्यावं लागलं. काढल्यावर माल विकला नाही, ठेवला. २०१२च्या सुरुवातीला बाजार चार हजारांच्या आसपास आला, तेव्हा मजुरांची देणी भागवायला त्यांनी तो विकला. शिजवण्या-घासण्याचा खर्च वजा केल्यावर हाती काय उरलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

भाव का पडला? दादांनी केलं तेच सांगली, सातारा, नांदेड, हिंगोली, निजामाबाद, इरोड इथल्या हजारो शेतकऱ्यांनी केलं होतं. प्रत्येकाच्या मनात २०१०ची हळहळ होती आणि प्रत्येकाने ती सरीत लावली. नऊ महिन्यांनी तीच पोत्यांत भरून यार्डात आली. मला या साऱ्या कथेत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे. आपण समजतो की तेजी संपते आणि तिच्या मागे हळहळ उरते. हळदीच्या बाजारात मी पाहिलं ते उलट: पुढची लाट या हळहळीवरच उभी राहते, आणि पहिली लाट ज्यांची हुकलेली असते तेच दुसरीत सगळ्यांत खोल उतरतात. कंदील न सोडता.

हळहळीचा हिशोब आणखीही एका ठिकाणी चुकतो. तिला फक्त शिखरावरचा भाव आठवतो. हळदीच्या हंगामात वर्तमानपत्रात 'विक्रमी दर' म्हणून जो आकडा छापून येतो तो बहुतेक वेळा मुहूर्ताच्या सौद्यातल्या मोजक्या पोत्यांचा असतो. हार, फेटे, फोटो यांच्यासाठी दिलेला. त्या दिवशीचा बाकीचा माल त्याच्या बराच खाली जातो. पण दहा वर्षांनी गावातल्या कट्ट्यावर आठवण निघते ती त्या आकड्याची, आणि प्रत्येक जण आपली सगळी पोती मनातल्या मनात त्या दराने विकतो.

भाच्याच्या तक्त्यात हेच होतं. मे २०१०मध्ये, म्हणजे इकडे हळद चढत होती तेव्हा, अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका प्रोग्रॅमरने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले. जगातल्या चुटपुटीचा हा सर्वांत प्रसिद्ध किस्सा. पण त्या माणसाने पिझ्झा खाल्ला नसता तर नोव्हेंबर २०२१पर्यंत, म्हणजे भाव ६९ हजार डॉलरच्या जवळ जाईपर्यंत, ती नाणी त्याच्याकडे राहिली असती का? २०११मध्ये भाव तीसवरून दोन डॉलरवर आला तेव्हा त्याने विकली नसती? २०१४च्या फेब्रुवारीत टोकियोचं माउंट गॉक्स बुडालं, लाखो बिटकॉइन गेले, तेव्हा त्याची त्यात नसती? आपल्याकडचंच बोलायचं तर एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये रद्द करेपर्यंतची दोन वर्षं किती जणांनी नाणी जपून ठेवली असती? एप्रिल २०२२पासून नफ्यावर तीस टक्के कर आला. जुलै २०२४मध्ये वझीरएक्सवरून तेवीस कोटी डॉलरहून अधिक रकमेची नाणी चोरीला गेली, त्यात पैसे अडकलेल्यांनी तर योग्य वेळी घेऊन ठेवलीच होती की.

पेवाची गोष्ट इथे पुन्हा येते. जुलै-ऑगस्ट २००५च्या पुरात कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं आणि पेवांत उतरलं. ज्यांनी चांगल्या भावाची वाट पाहत हळद नीट लिंपून ठेवली होती त्यांचीच गेली. मिळेल त्या भावात मे महिन्यात विकून मोकळा झालेला माणूस त्या वर्षी शहाणा ठरला. २०१९च्या ऑगस्टमध्ये तर सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. 'ठेवली असती तर' या वाक्यात पूर कधीच येत नाही. भाच्याला मी म्हटलं, तुझ्या तक्त्यात चौथा रकाना घाल, पुराचा. त्याने घातला, हे त्याचं कौतुक. कर्जाचं काय केलं ते मात्र तो सांगत नाही.

आता थोडं मागे जायला हवं, कारण हळहळीची ही साखळी सातारा-सांगलीत हळदीने सुरू झालेली नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकशरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे आठ कोटी दहा लाख पौंड जादा या काळात मुंबईत आले, असा हिशोब पुढे मांडला गेला. त्या पैशाचं काय करायचं हे शहराला कळेना. बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. बॅक बेच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे नाव तेव्हाचं. आधी न घेतलेले लोक शेवटी शेवटी घेत होते, तेही उधारीवर, १ जुलै १८६५ला पैसे देण्याच्या वायद्यावर. एप्रिलमध्ये दक्षिणेच्या सेनापती लीने शरणागती पत्करली, कापूस कोसळला आणि १ जुलै उजाडला तेव्हा शहरात देणेकरीच देणेकरी होते.

मुंबईची ही कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिची शेपटी आमच्या मुलखात येते, ती कमी सांगितली जाते. कापसाच्या तेजीत दख्खनच्या शेतकऱ्याची पत अचानक वाढली होती. सावकार दारात येऊन कर्ज देत होता. भाव पडल्यावर पत गेली, कर्ज राहिलं. त्यावर वाढवलेला सारा आणि दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यांची भर. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे इथे दंगा झाला आणि पुण्या-नगरच्या गावागावांत सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. सप्टेंबरमध्ये ही ठिणगी सातारा जिल्ह्यातल्या कोकरूडला पडली. कोकरूड आज सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात आहे. १९४९मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली झालं. चार वर्षांनी, १८७९मध्ये, सरकारने शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कोकरूडच्या शेतकऱ्याने बॅक बेचा शेअर जन्मात पाहिला नसेल. ज्या लाटेत त्याला काही मिळालं असेल तर थोडंसंच, तिचं देणं त्याच्या दारात दहा वर्षांनी आलं.

खेळून कमावण्याच्या गेम्सकडे मी या नजरेने पाहतो, म्हणून मला त्या फारशा नव्या वाटत नाहीत. त्यातली सर्वांत गाजलेली व्हिएतनामी कंपनीची 'ॲक्सी इन्फिनिटी'. खेळायला आधी तीन ॲक्सी, म्हणजे तीन गोंडस आभासी प्राणी, विकत घ्यावे लागत. २०२१च्या तेजीत त्यांना हजारो रुपये पडत. ज्यांच्याकडे तेवढे नसत त्यांना दुसरा कुणी आपले प्राणी खेळायला देई आणि कमाईतला हिस्सा घेई. या व्यवस्थेला त्यांनी 'स्कॉलरशिप' असं शाळकरी नाव दिलं होतं. आमच्याकडे याला वाट्याने जमीन करणं म्हणतात. मालकाचे प्राणी, वाटेकऱ्याचे कष्ट, सुगी झाली की वाटणी. फिलिपिन्समध्ये टाळेबंदीत काम गेलेले कितीतरी लोक असे वाटेकरी झाले. खेळून जे नाणं मिळे त्याचा भाव जुलै २०२१मध्ये तीस सेंटच्या वर होता, २०२२च्या मध्यापर्यंत एका सेंटच्याही खाली गेला. मधे मार्च २०२२मध्ये या खेळाच्या रोनिन नावाच्या जाळ्यातून साठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम चोरीला गेली. पण भाव चोरीच्या आधीच पडत होता. कारण साधं होतं. त्या नाण्याचा मुख्य उपयोग नवे प्राणी पैदा करण्यासाठी, आणि नवे प्राणी घ्यायला नवे खेळाडू हवेत. खेळाडू यायचे थांबले, नाणं मात्र रोज पिकत राहिलं. हळदीसारखंच, फक्त हळद शेवटी भाजीत तरी पडते.

हे कळायला मनिलाला जायचीही गरज नाही. २०१९ साली इस्लामपुरातून कडकनाथ कोंबडीपालनाचं प्रकरण उघडकीस आलं. पक्षी आणि खाद्य कंपनीकडून घ्यायचं, अंडी आणि कोंबड्या कंपनीनेच चढ्या भावाने परत घ्यायच्या, अशी योजना. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि बाहेरच्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले, गुन्हे दाखल झाले. पहिल्या खेपेला शेजाऱ्याला पैसे मिळाले, मग आपण का मागे राहा, म्हणून किती जण त्यात गेले याची मोजदाद कुठल्या आरोपपत्रात होत नाही. 'पी हळद अन् हो गोरी' म्हणून आपण उतावळ्यांना हसतो. पण यातले बरेच लोक उतावळे नव्हते. ते चांगले वर्षभर थांबलेले, दुसऱ्यांचे पैसे आलेले डोळ्यांनी बघितलेले, सावध लोक होते.

२०२३च्या उन्हाळ्यात हळद पुन्हा उठली. ऑगस्टपर्यंत वायद्यातला भाव दुपटीच्या वर गेला आणि पुढच्या वर्षी सांगलीच्या सौद्यांतही चांगलाच चढा राहिला. वाईच्या दादांनी एव्हाना हळद सोडून आलं धरलं होतं. हरिपुरातली बरीचशी पेवं आता बुजली आहेत, माल कोल्ड स्टोरेजमध्ये जातो. त्या एप्रिलमध्ये मी यार्डात गेलो होतो तेव्हा एका अडतीसमोर वाळवा आणि कराडकडची पाच-सहा माणसं उभी होती. विकायला त्यांच्याकडे काही नव्हतं. बेणं कुठे मिळेल, आणि उधार मिळेल का, हे विचारायला ती आली होती.